चष्म्यावर वाफ धरते, तिथूनच भुसा आत जातो

प्रश्न : उदगीरला माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. वय 47. चष्मा दोन नंबरांचा, वर लांबचा आणि खाली वाचायचा. पूर्वी सागवान आणि बाभळीचं काम असायचं, आता निम्म्याहून जास्त काम प्लाय आणि एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या पाट्यांचं. सँडर (घासायचं मशीन) नाहीतर राऊटर (खाचा-कडा कोरायचं मशीन) चालवायला मास्क लावला की दोन मिनिटांत चष्मा पांढरा होतो, खुणेची रेघ दिसत नाही. मग मास्क गळ्यात ओढतो आणि तोंडाला दस्ती बांधतो. नवल असं की एप्रिल-मेमध्ये याच मास्कचा काही त्रास नसतो, पाऊस लागला की सुरू होतो. रात्री नाक शिंकरलं की भुसा निघतो, सकाळी थोडा खोकला येतो. मुलगा म्हणतो, पूर्ण चेहरा झाकणारा काचेचा मास्क ऑनलाइन मागवू. दुकानात तर दहा तऱ्हा दाखवतात. मला बारीक दाढी आहे. नेमका कोणता मास्क घ्यावा?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : तुमच्या पत्रातलं ते ‘नवल’ आधी घेऊ. कोणता मास्क घ्यायचा याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

आपण सोडलेला श्वास साधारण 34 अंशांचा आणि ओलसर असतो. मास्कची वरची कड नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत नीट बसली नाही, तर हा श्वास तिथून वर निसटतो आणि थेट चष्म्यावर आदळतो. जुलैत शेडमधली हवा पंचवीस-सव्वीस अंशांची, काचही तेवढीच. गरम ओला श्वास गार काचेला लागला की त्याचं पाणी होतं आणि काच पांढरी पडते. मे महिन्यात पत्र्याखाली पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा काचच श्वासापेक्षा गरम, वाफ तिच्यावर धरणार कशी? म्हणजे फट बाराही महिने तीच आहे. पावसाळ्यात ती चष्म्यावर दिसते, उन्हाळ्यात दिसत नाही. उन्हाळाभर ‘काही त्रास नाही’ म्हणून तुम्ही निर्धास्त होता, पण भुसा तेव्हाही त्याच वाटेनं आत जात होता.

श्वास बाहेर पडायला जी फट सोपी, ती आत यायलाही सोपी. उलट आत ओढताना हवा गाळणीच्या जाड थरातून येण्याऐवजी आधी फट धरते. हिशोब करून बघा. मास्क 95 टक्के गाळणारा आहे, पण श्वासातली दहावा हिस्सा हवा फटीतून येते असं धरू. फटीतून आलेले दहा आणि गाळणीतून सुटलेले साडेचार, म्हणजे शंभरातले साडेचौदा कण आत गेले. आता पैसे घालून 99 टक्के गाळणारा मास्क आणला आणि फट तशीच ठेवली, तर जवळजवळ अकरा जाणार. आणि पहिलाच मास्क फट बुजवून लावला तर फक्त पाच. म्हणून आम्ही आधी चेहऱ्यावर बसणं बघायला सांगतो, छापलेला आकडा त्यानंतर. काचेवर लावायचे वाफरोधक थेंब सगळ्यात शेवटी. ते काच साफ ठेवतील, फट मात्र तशीच राहील, फक्त दिसायची बंद होईल.

धुळीबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ 1995 मध्ये पहिल्या गटात टाकली. माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा हा गट. धोका मुख्यत्वे नाकाच्या पोकळीला आणि तिच्या आजूबाजूच्या सायनसना. एमडीएफच्या पिठात लाकडासोबत युरिया-फॉर्मल्डिहाइडचं राळेसारखं बाइंडर असतं, आणि फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे. सागवानातल्या काही द्रव्यांनी कातडीला आणि श्वासाला अॅलर्जी होते, शिसवाचंही तेच. रंध्याच्या ढलप्या फुफ्फुसात जात नाहीत, त्या पायाशी पडतात. घातक असतं ते सँडरचं आणि राऊटरचं पीठ. त्यातला सगळ्यात बारीक भाग डोळ्याला दिसत नाही आणि मशीन बंद झाल्यावरही बराच वेळ हवेत तरंगत राहतो.

दस्ती आजपासून बंद करा. कापडाच्या विणीतली भोकं या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. ओली केली तरी तेच, वर श्वास जड होतो आणि कडेनं जास्त हवा येते. सर्जिकल मास्क समोरच्याला आपल्या थुंकीपासून वाचवायला केलेला असतो. त्याच्या दोन्ही गालांवर बोट जाईल एवढ्या फटी राहतात. कानात अडकवायचे पाच थरांचे, सात थरांचे मास्कही घेऊ नका. कानाच्या इलॅस्टिकला मास्क चेहऱ्यावर घट्ट दाबून धरण्याइतका जोर नसतो. एन-95 ही मान्यता अमेरिकेतली नायॉश ही संस्था देते, आणि कानात अडकवायचे लूप ही नकली एन-95 ची एक खूण आहे असं तीच संस्था सांगते. दोन पट्टे डोक्यामागून जाणारा मास्क असेल तरच पुढचं बघायचं.

मग मास्कवरची अक्षरं वाचा. आपल्याकडचं मानक आयएस 9473. त्यात एफएफपी1, एफएफपी2 आणि एफएफपी3 असे तीन दर्जे आहेत. युरोपीय मानकात याच दर्जांची गाळण्याची ताकद अनुक्रमे किमान 80, 94 आणि 99 टक्के. एन-95 हा साधारण एफएफपी2 च्या जोडीचा. एफएफपी1 तुमच्या कामाला अपुरा आहे, दुकानदार कितीही म्हणो. हातकरवत, रंधा, बाहेर उघड्यावर थोडं कापणं एवढ्यापुरता एफएफपी2 किंवा एन-95 चालतो. बंद शेडमध्ये सँडर आणि एमडीएफवर राऊटर असेल तर एफएफपी3 किंवा खाली सांगितलेला रबरी अर्धा मास्क घ्या. ब्रिटनचं कामगार सुरक्षा खातंही लाकडी धुळीच्या कामांना याच पातळीचं संरक्षण सांगतं. युरोपीय छापाच्या मास्कवर दर्जापुढे ‘एनआर’ असेल तर तो एका पाळीपुरता, ‘आर’ असेल तर पुन्हा वापरता येणारा. त्यापुढे ‘डी’ असेल तर तो धुळीनं लवकर न तुंबण्याच्या चाचणीतून गेलेला आहे. सुतारकामाला हे ‘डी’ फार उपयोगाचं, दिसलं तर तोच उचला.

आता चष्म्याचा विचार. वापरून टाकायच्या मास्कमध्ये दोन घडणी मिळतात. एक वाटीसारखी कडक, दुसरी घडीची, जिच्यात नाकावरचा, मधला आणि हनुवटीचा असे तीन भाग उघडतात. चष्मेवाल्यानं घडीचा घ्यावा. त्याचा वरचा भाग नाकावर चपटा बसतो, त्यामुळे चष्म्याचा पूल त्याच्यावर टेकतो आणि बोलताना मास्क वर सरकत नाही. आतून नाकाशी फोमची पट्टी आहे ना, ते बघा. समोर झडप असलेला घेतला तर सोडलेला श्वास खालच्या बाजूला जातो, उकाड्यात गालही कमी भिजतात. झडपेनं वाफ कमी होते हे खरं, पण नाकाशी फट असेल तर झडपेचा मास्कही चष्मा पांढरा करणारच.

तुमचं काम रोजचं आहे. तुम्ही रबरी अर्धा मास्क घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. हा नाक, तोंड आणि हनुवटी झाकतो, दोन्ही बाजूंना बदलता येणारे फिल्टर असतात आणि श्वास सोडायची झडप मधोमध खाली तोंड करून असते. श्वास छातीकडे जातो, चष्म्याकडे नाही. नीट बसला तर जुलैतही काच कोरडी राहते. तीन मापं येतात. 3एमच्या 6000 मालिकेत 6100 लहान, 6200 मध्यम आणि 6300 मोठा. बहुतेक पुरुषांना मध्यम बसतो, पण अंदाजानं मागवू नका. त्यावर 2091 हा चपटा गोल फिल्टर बसतो, पी-100 दर्जाचा, म्हणजे 99.97 टक्के, आणि त्याचा रंग जांभळट गुलाबी असतो. 7500 मालिका सिलिकॉनची आहे, घामातही मऊ राहते, मध्यम मापाचा क्रमांक 7502. व्हीनस आणि हनीवेल यांचेही अर्धे मास्क मिळतात. एकाचे फिल्टर दुसऱ्याला बसत नाहीत, म्हणून ज्याचे फिल्टर लातूर किंवा नांदेडच्या एमआयडीसीकडच्या सेफ्टीच्या दुकानात नेहमी मिळतात त्याचाच मास्क घ्या. खर्चाचा अंदाज असा काढा : महिन्याला किती एफएफपी3 लागतील त्यांचे पैसे, आणि समोर मास्क एकदाच अधिक दर थोड्या महिन्यांनी एक जोडी फिल्टर. रोज सँडर चालवणाऱ्याला दुसरा पर्याय काही महिन्यांतच स्वस्त पडतो.

या मास्कची चष्मेवाल्याला एक अडचण आहे, ती घेण्याआधीच बघून घ्या. त्याचा नाकाचा भाग जाड असतो आणि चष्मा दोन-चार मिलिमीटर वर उचलला जातो. एका नंबरच्या चष्म्याला फरक पडत नाही. तुमचा दोन नंबरांचा. चष्मा वर गेला की वाचायचा भाग बुबुळासमोर येतो, पट्टीवरची रेघ पुसट दिसते आणि आपण मान वाकडी करून बघू लागतो. मान वाकली की मास्क हलतो. म्हणून कामाचाच चष्मा घेऊन दुकानात जा, मास्क लावा, त्यावर चष्मा लावा, हातभर अंतरावरची मोजपट्टी वाचा. जमत नसेल तर दुसऱ्या घडणीचा मास्क बघा. चष्म्याला नाकाशी वाकवता येणाऱ्या लहान गाद्या असतील तर चष्मेवाला त्या रुंद करून चष्मा खाली आणून देतो, पाच मिनिटांचं काम. जाड प्लॅस्टिकच्या फ्रेमला ही सोय नसते. पुढचा चष्मा करताना वर्कशॉपसाठी वेगळा धातूच्या फ्रेमचा करा.

दाढीबद्दल तुम्हाला आवडणार नाही असं सांगावं लागतंय. मास्कची कड जिथे टेकते तिथे केस असले तर कोणताच घट्ट बसणारा मास्क हवाबंद होत नाही. आणि बारीक खुंटही चालत नाहीत, ते रबराला कातडीपासून उचलून धरतात. गाल आणि हनुवटीखालची टेकायची पट्टी रोज स्वच्छ हवी. मिशी ठेवता येते, फक्त ती कडेच्या आत मावली पाहिजे. दाढी काढणं धर्मामुळे किंवा दुसऱ्या कारणानं शक्य नसेल, तर कमरेला बॅटरीचा पंखा लावून डोक्यावरच्या टोपात गाळलेली हवा सोडणारं उपकरण मिळतं. ते चेहऱ्याला घट्ट बसावं लागत नाही, आत चष्मा राहतो, वरून वारा येत असल्यामुळे काचही धरत नाही. किंमत मात्र अर्ध्या मास्कच्या कितीतरी पट आणि रोज चार्जिंग आलं. तोवर एफएफपी3 दाढीवर लावून समाधान मानू नका, त्याचा दर्जा दाढीवर उरत नाही.

मुलानं सुचवलेला पूर्ण चेहऱ्याचा मास्क घेऊ नका. त्याची कड कपाळ आणि कानशिलावरून जाते, आणि चष्म्याच्या काड्या नेमक्या तिथूनच कानाकडे जातात. काडीमुळे दोन्ही बाजूंना फट पडते. चष्मेवाल्यांसाठी अशा मास्कच्या आत बसवायची वेगळी फ्रेम येते आणि तिच्यात नंबरच्या काचा करून घ्याव्या लागतात. एवढं करायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. अर्ध्या मास्कच्या कडेवरून काडी जातच नाही, म्हणून चष्मेवाल्याला तो सोयीचा.

लावायचा क्रम चुकला की चांगला मास्कही गळतो. आधी मास्क, मग चष्मा. घडीचा मास्क उघडून हनुवटीखाली टेकवा, नाकावर आणा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंच, खालचा कानांच्या खालून मानेवर. दोन्ही पट्टे मानेवरच ठेवले तर वरची कड सैल पडते. ही चूक फार दिसते. नाकावरची धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीनं दाबू नका, मधे टोक येतं आणि बाजूंना पोकळी राहते. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं पट्टीच्या मधोमध ठेवा आणि दाबत दाबत गालाकडे न्या, हाडाच्या वळणावर ती बसेपर्यंत. मग तपासा. झडप नसेल तर दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. झडप असेल तर जोरात आत ओढा, मास्क किंचित आत दबला पाहिजे. डोळ्यांखाली वारा लागला तर नाकाची पट्टी पुन्हा बसवा, गालाला लागला तर पट्टे मागे सरकवा.

रबरी मास्कला वरची जाळी डोक्यावर बसवून खालचे पट्टे मानेमागे अडकवा. आधी वरचे ओढा, मग खालचे. फार आवळू नका, रबर दुमडतं आणि दुमडीतून हवा येते. मग खालच्या झडपेवर तळवा ठेवून हलकेच श्वास सोडा. मास्क थोडा फुगावा, कुठूनही वारा सुटू नये. नंतर दोन्ही फिल्टरच्या मधल्या खळग्यात अंगठे दाबून श्वास आत ओढा आणि दहा अंक मोजेपर्यंत थांबा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर बसला. दोन्ही तपासण्या मिळून अर्धा मिनिट लागतो, पण मास्क लावाल तेवढ्या वेळा करा. चष्म्याच्या काड्या डोक्याच्या पट्ट्यांच्या वरून घ्या, खालून नको. चष्मा पुसायला काढला की मग मास्क हलत नाही.

उन्हाळ्यात चष्मा काही सांगत नाही, तेव्हा दुसऱ्या खुणा बघा. काम संपल्यावर आरशासमोर मास्क काढा. नाकाच्या बाजूला किंवा गालाच्या हाडावर भुशाची रेघ कडेच्या आत आलेली दिसली, तर गळती तिथेच आहे. मास्कच्या आतल्या कडेवरही तसाच पट्टा दिसतो. चष्मा माठाच्या पाण्यात बुडवून, पुसून लगेच लावला तर मे महिन्यातही पहिल्या चार-पाच श्वासांत वाफ धरते की नाही ते कळतं. हा फक्त इशारा, भरवसा हातांच्या तपासणीवरच ठेवा. रात्री नाकातून भुसा येणं थांबलं पाहिजे, हा तुमचा घरचा पुरावा.

कधीकधी मास्क नीट असूनही काच धरते, म्हणून वाफेचा ढंग ओळखा. नाकाजवळच्या कोपऱ्यातून सुरू होऊन प्रत्येक श्वासागणिक वाढते-ओसरते ती गळतीची वाफ. सगळी काच हळूहळू सारखी मळभते ती घामाची. ती बंद गॉगलमध्ये होते. गिऱ्हाइकाच्या घरी एसीच्या खोलीतून बाहेर आल्यावर धरते ती काच गार असल्यामुळे, दोन मिनिटांत आपोआप जाते. या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराला काचेवरचा उपाय चालतो. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ओल्या काचेच्या दोन्ही बाजूंना बोटानं फिरवा, पाण्याखाली न धुता मऊ कापडानं चकचकीत होईपर्यंत पुसा. पातळ थर राहतो, पाण्याचे थेंब न होता ते पसरतं आणि आरपार दिसत राहतं. रोज सकाळी पुन्हा लावावं लागतं. टूथपेस्ट लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तिच्यातली खर काचेवरचा लेप खरवडते. मास्कची वरची कड नाकाला चिकटपट्टीनं चिकटवण्याचा उपाय घाम सुटला की निघतो आणि तोवर खोटा विश्वास देतो.

भुसा बसलेला चष्मा शर्टाच्या टोकानं कोरडा कधीच पुसू नका. भुशात मातीचे आणि वाळूचे कण असतात, सागवानात तर लाकडातच वाळूचा अंश असतो, त्यानंच धार लवकर जाते. तोच कण काचेवर घासला की ओरखडा. आधी पाणी ओतायचं, मग पुसायचं. मशीनजवळ पाण्याची एक बाटली आणि डब्यात ठेवलेलं मऊ कापड, एवढी सोय पुरे.

नंबरचा चष्मा म्हणजे डोळ्याचं संरक्षण नव्हे. बाभळीची ढलपी बाजूनं येते, साध्या काचेला तडाही जातो. चष्म्यावरून बसणारा पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी चष्मा वापरा, किंवा चष्मेवाल्याकडून पॉलिकार्बोनेटच्या नंबरच्या काचा करून बाजूला आडोसा लावून घ्या. डोक्यावर सँडर धरून छताचं काम असेल तरच बंद गॉगल. त्याची हवेची छिद्रं टेपनं बुजवू नका, नाहीतर घामाची वाफ आलीच.

मास्कची निगा वेळ खाणारी नाही, पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. श्वास सोडायच्या झडपेत पातळ रबराची चकती असते. तिच्या खाली भुशाचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि प्रत्येक श्वासाला गाळलेली नसलेली हवा आत येते. आठवड्यातून दोनदा झाकण काढून चकती आणि तिची बैठक ओल्या कापडानं पुसा. चकती वाकडी झाली असेल तर बदला, ती सुटी मिळते. फिल्टर काढून ठेवून रबरी भाग कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, उकळतं पाणी नको, थिनर तर नकोच. फिल्टर धुवायचा नाही, झटकायचा नाही, कॉम्प्रेसरनं फुंकायचा तर अजिबातच नाही. त्यातले धागे फाटतात आणि बाहेरून तो चांगला दिसत राहतो. एन-95 धुतला तर त्याच्या धाग्यांवरचा विद्युतभार जातो, कण धरायची ताकदच त्या भारात असते. श्वास ओढायला जड वाटू लागला, फिल्टरला थिनर लागलं, तो भिजला किंवा पिचला, की बदलायचा. रात्री मास्क भिंतीच्या खिळ्याला टांगू नका, आतल्या बाजूला धूळ बसते आणि सकाळी तीच आपण ओढतो. झाकणाच्या डब्यात ठेवा. मोटारसायकलच्या हँडलला उन्हात राहिला तर पट्ट्यांचं इलॅस्टिक एका हंगामात मरतं.

पॉलिशचं काम वेगळं. थिनर, एनसी लॅकर, मेलामाइन किंवा रबराच्या गोंदाची वाफ धुळीच्या फिल्टरमधून सरळ आत येते, पी-100 असला तरी. त्यासाठी त्याच अर्ध्या मास्कवर कोळशाचे, काळ्या पट्टीचे कार्ट्रिज बसतात आणि फवारणी असेल तर त्यांच्यापुढे धुळीची गाळणी. मास्कमधून वास आला की कार्ट्रिज संपलं. काम झाल्यावर ते हवाबंद पिशवीत ठेवा, उघडं राहिलं तर पडल्यापडल्या संपतं. दोन डब्यांतलं मिसळून मारायच्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशची फवारणी मात्र यावर करू नका. त्यातल्या हार्डनरच्या आयसोसायनेटचा वास धोक्याच्या पातळीच्या आधी कळत नाही, त्याला बाहेरून ताजी हवा देणारी व्यवस्था लागते.

मास्कवरचा भार हलका करायचा असेल तर धूळ उगमालाच पकडा. सँडरच्या कापडी पिशवीतून बारीक पीठ गळतच असतं, तिच्या जागी व्हॅक्यूमची नळी लावली तर शेडमधला फरक पहिल्याच दिवशी दिसतो. पंखा पाठीमागे ठेवू नका. आपल्या अंगामुळे समोर भोवरा तयार होतो आणि धूळ तोंडाकडेच येते. पंखा बाजूला आणि वारा दाराबाहेर. संध्याकाळी कोरडा झाडू मारण्याआधी पाणी शिंपडा, आणि झाडून होईपर्यंत मास्क राहू द्या. मशीन बंद झालं की लगेच मास्क खाली ओढायची सवय मोडावी लागेल. कॉम्प्रेसरनं कपडे झटकणं म्हणजे दिवसभर न घेतलेली धूळ पाच मिनिटांत घेणं.

सकाळच्या खोकल्याकडे मास्क घेतला म्हणून दुर्लक्ष करू नका. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात छातीच्या डॉक्टरांना दाखवा, काम काय करता ते सांगा आणि स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. ही नळीत जोरात फुंकायची तपासणी आहे. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर घट्ट मास्कनं श्वासावर ताण येतो, म्हणून हे रोज लावण्याआधी विचारलेलं बरं. एकाच नाकपुडीतून वरचेवर रक्त येत असेल किंवा एकच बाजू कायम बंद राहत असेल, तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

वर्कशॉपमध्ये हाताखाली कोणी असेल, तर त्याचा मास्क वेगळा घ्या. झाडणं आणि घासणं बहुधा त्याच्याकडेच असतं, म्हणजे पीठ सगळ्यात जास्त त्याच्याच नाकात जातं. त्याच्या चेहऱ्याचं माप वेगळं असेल, कदाचित लहान लागेल, त्यालाही दुकानात बरोबर न्या. अंगठ्यांची तपासणी तुमच्यासमोर करायला लावा, आणि डब्यावर त्याचं नाव घाला.